चिल्ला संपल्यावर

माझ्या आपाचा चिल्ला, म्हणजे बाळंतपणाचे ४० दिवस, आमच्या घरी झाला. अम्मी बाळाला न्हाऊ घालायची, नानी शेक द्यायची, खाला डिंकाचे लाडू आणायची. मग आपा मुंब्र्याच्या फ्लॅटवर परतली. दुल्हाभाई सकाळी लोकल पकडायचे ते रात्री नऊला यायचे. दोन महिन्यांत आपा बोलेनाशी झाली. बाळ रडत असलं तरी भिंतीकडे बघत बसायची. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं ईमान कच्चं. मीही तिला ऐकवलं होतं, "सगळ्याच बायका करतात की!"

उत्क्रांती म्हटलं की आपल्याकडे अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण माझं ते वाक्य किती खोटं होतं, हे मला तिथेच कळलं. सारा ब्लॅफर हर्डी या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००९ च्या 'मदर्स अँड अदर्स' या पुस्तकात मांडलंय की चिंपांझी आई सुरुवातीचे कित्येक महिने पिल्लू दुसऱ्याच्या हाती देत नाही. माणसाची आई मात्र पहिल्या दिवसापासून देते. कारण माणसाचं मूल वर्षानुवर्षं परावलंबी असतं आणि तेवढ्यात दुसरं पोटात येतं. एकटीने हे निभावणं शक्यच नव्हतं. एडवर्ड हेगन तर म्हणतात, बाळंतपणानंतरचं नैराश्य हा मदत कमी पडत असल्याचा इशारा असावा. मला हे अर्धंच पटतं. भरपूर माणसं असलेल्या घरातही बाई आजारी पडते. तिला डॉक्टर लागतोच.

टांझानियातल्या हाद्झा लोकांमध्ये क्रिस्टन हॉक्स यांना दिसलं, की लेक तान्ह्या बाळात अडकली की मोठ्या नातवंडांचं पोट आजी खणून आणत असलेल्या कंदांवर चालतं. पाळी गेल्यावरही बाई इतकी वर्षं का जगते, याचं एक उत्तर त्यांना इथे सापडलं. आपण मात्र पाळी जायच्या वयातल्या बाईला चिडकी ठरवून मोकळे होतो. नानीला झोप लागत नाही, हे आम्हाला आपाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा कळलं.

आणि कुणी म्हणेल, बघा, मूल सांभाळणं बायकांचंच काम! हर्डींच्या 'इतरां'मध्ये बापही आहेत.

आपाची औषधं चालू आहेत. दुल्हाभाईंनी रात्रीची एक दुधाची बाटली आपल्याकडे घेतलीय. जुम्म्याच्या सुट्टीत अंघोळही घालतात, नानी व्हिडिओ कॉलवरून ओरडत असते, "मान धर, मान!"