नंबर कॉलेजचा, शिक्षण विभागात

मुलीला किंवा मुलाला पुढे संशोधनात जायचं असेल, तर विद्यापीठांच्या क्रमवारीचा तक्ता बघून प्रवेश ठरवू नका. जिल्ह्यातल्या पालकांना हे कळकळीनं सांगतोय. पारनेर-पाथर्डीकडचं घर शेतीच्या पैशांवर पोरांना बाहेरगावी ठेवतं आणि त्या एका आकड्यापायी अनेक वर्षांची कमाई पणाला लावतं.

तो आकडा बनतो कसा? क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत 30 टक्के गुण प्राध्यापकांमधल्या नावलौकिकाचे, 15 टक्के नोकरी देणाऱ्यांमधल्या नावलौकिकाचे. म्हणजे जवळपास निम्मा निकाल ‘तुमच्या मते चांगलं विद्यापीठ कोणतं?’ या विचारणेवर ठरतो. उत्तर देणाऱ्यानं कुठे किती प्रयोगशाळा पाहिलेल्या असणार? वर्षानुवर्षं कानावर पडलेलीच नावं तो सांगतो. शांघायची क्रमवारी मतं विचारत नाही, पण तिथे 30 टक्के गुण माजी विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या नोबेल व फील्ड्स पदकांचे. बर्लिनमध्ये तर जुन्या विद्यापीठाचा वारसा सांगणारी दोन विद्यापीठं आहेत, त्यातलं एक 1948 साली निघालेलं. आइन्स्टाइनसारख्यांची जुनी नोबेलं कुणाच्या खात्यावर मांडायची, यावर त्यांच्यात वाद झाला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या कामावरून आजच्या वर्गात काय चाललंय ते कसं कळणार?

आपल्या सरकारची एनआयआरएफ क्रमवारी 2016 पासून निघते. तिच्यात विद्यापीठांसाठी नावलौकिकाला 10 टक्केच आहेत, ही बरी गोष्ट. संशोधनाला 30 टक्के आहेत, पण त्यात शोधनिबंधांची संख्या आणि इतर संशोधकांनी दिलेले त्यांचे दाखले यांचं वजन मोठं.

आता राहुरीकडे बघा. महात्मा फुले कृषी विद्यापीठ 1968 चं. विजय आणि दिग्विजय हरभरा, फुले वसुधा ज्वारी ही त्याचीच वाणं. फुले 265 हा ऊस त्याच्या पाडेगावच्या केंद्रातून आला. क्षारपड जमिनीतही तो तग धरतो. एखादं वाण किती शिवारांत पोचलं आणि किती घरांचं उत्पन्न वाढलं, याचा रकानाच जागतिक क्रमवारीत नाही. माझ्या मते हे संशोधन अव्वल आहे, तक्ता काहीही म्हणो.

जुन्या नावाचा उपयोगच नाही, असं मी म्हणत नाही. पहिल्या मुलाखतीला ते कामी येतं, ग्रंथालय मोठं असतं. पण शिकवतो तो विभाग. भौतिकशास्त्रात उत्तम असलेल्या संस्थेत रसायनशास्त्राच्या निम्म्या जागा रिकाम्या असू शकतात. एकूण क्रमांकात ते दिसत नाही.

म्हणून एवढं करा. एनआयआरएफला दिलेली माहिती संस्थांना आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती उघडा. कायम प्राध्यापक किती, किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, पीएच.डी. किती झाल्या, ते तिथे सापडेल. इंग्रजी अडलं तर गावातल्या शिक्षकाला सोबत बसवा. मग एक दिवस प्रत्यक्ष जा. विभागप्रमुखांना विचारा, या वर्षी मुलांना शिकवणार कोण, प्रयोगशाळेतली उपकरणं चालू आहेत का. नंतर बाहेर येऊन तिथल्याच एम.एस्सी.च्या मुलांना गाठा आणि हेच प्रश्न पुन्हा विचारा. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत, तर मुलांच्या उत्तरावर विश्वास ठेवा आणि फी भरायच्या आधी दुसरा विभाग बघून या.