अपुऱ्याचा वारसा

दोन नोव्हेंबर हा कॅथलिक ख्रिस्ती समाजाचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. वसईच्या गावागावांत त्याआधी आठवडाभर दफनभूमीत माणसांची ये-जा असते. गवत काढले जाते, क्रूस धुऊन-पुसून घेतले जातात, झेंडू-शेवंतीने कबरी झाकून जातात. त्या दिवशी मिस्सा ही उपासना होते, धर्मगुरू कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात आणि प्रत्येक घर आपापल्या माणसापाशी मेणबत्ती लावून उभे राहते. दिवाळी बहुधा याच्याच मागेपुढे येते. २०२४ साली तर पाडवाच दोन नोव्हेंबरला होता. एकीकडे आकाशकंदील आणि पणत्या, दुसरीकडे चर्चच्या आवारात मेणबत्त्या. शेजारच्या घरून आलेला फराळाचा डबा ओट्यावर ठेवून माणसे दफनभूमीकडे निघालेली.

सणासुदीला मरणाचे नाव काढू नये, असे वडीलधारे सांगत आले आहेत. त्यांचा मान राखूनही यंदाच्या अंकासाठी आम्ही विषय निवडला तो आयुष्याच्या नाजूकपणाचा, आणि तो पाहायचा ठरवला ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगाने. मराठी समाजाचाच एक भाग असलेल्या या परंपरेने मरणाशी बोलण्याची एक रीत घडवली आहे. ती सगळ्यांच्या उपयोगाची आहे, अशी आमची खात्री आहे.

या रीतीची सुरुवात राखेपासून होते. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस म्हणजे राखेचा बुधवार. त्या दिवशी लोक रांगेने वेदीपाशी येतात आणि धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळावर राखेने क्रूस काढून त्याला तो मातीचा आहे याची आठवण करून देतात. ही राख येते कुठून, हे पाहण्यासारखे आहे. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या लोक घरी नेतात, क्रूसामागे किंवा दारावर खोचून ठेवतात. वर्षभरात त्या सुकून पिवळ्या पडतात. मग त्या गोळा करून जाळतात आणि त्यांची राख चाळून घेतात. येशू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी त्याचा जयजयकार केला होता, त्याची खूण म्हणजे या झावळ्या. त्याच जयजयकाराची राख पुढच्या वर्षी कपाळाला लागते. रांगेत कडेवरचे मूल असते, बँकेतले साहेब असतात, मासळी विकणारी बाई असते, नुकतीच विधवा झालेली सून असते. सगळ्यांना एकच राख आणि एकच वाक्य. टिळा लावून माणसे तशीच कामावर जातात.

दफनभूमीही हाच धडा देते. जागा अपुरी, त्यामुळे कायमची कबर फार थोड्यांच्या वाट्याला येते. बाकीच्यांची जागा काही काळाने पुन्हा खणली जाते. आधीच्या माणसाच्या अस्थी जपून बाजूला काढतात आणि तिथे दुसऱ्याला निजवतात. मेल्यावरची जागासुद्धा उसनी असते, हे आमच्या मुलांना लहानपणीच कळते.

आयुष्य क्षणभंगुर आहे हे कळायला मात्र कोणत्याच धर्माची गरज नाही. एक फोन येतो, एक रिपोर्ट हातात पडतो, आणि ते कळते. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: हे कळल्यावर जगायचे कसे? बाजाराचे उत्तर तयार असते. उद्याचा भरवसा नाही, तेव्हा आज काय उपभोगायचे ते उपभोगून घ्या. दुसरे उत्तर असते, जे टिकणारच नाही त्यात जीव कशाला गुंतवायचा? ख्रिस्ती श्रद्धेला ही दोन्ही उत्तरे पटत नाहीत, कारण तिच्या मते हा नाजूकपणा देवाने स्वतः अंगावर घेतला. नाताळला आपण ज्याच्यापुढे गुडघे टेकतो ते गोठ्यात जन्मलेले तान्हे मूल आहे, आणि हेरोद राजाच्या भीतीने आईबापांना ते घेऊन रातोरात मिसर देशात पळावे लागले. मोठेपणी बेथानी गावात आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू रडला. त्याला उठवायला आलेला असूनही रडला. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याला मरणाची भीती वाटली, आणि शुभवर्तमानकारांनी ती लपवली नाही. पुनरुत्थानानंतर शिष्यांना भेटला तेव्हा हातांवरचे खिळ्यांचे व्रण तसेच होते. थोमा या शिष्याने त्या व्रणांवरूनच त्याला ओळखले. मरणावर विजय झाला, पण जखमा पुसल्या गेल्या नाहीत. माझ्या श्रद्धेचा हा गाभा आहे. दुबळेपण झटकून टाकायचे नाही, देव तिथेच भेटतो.

संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात माणसाला मातीचे भांडे म्हटले आहे. देवाने आपली ठेव त्यात ठेवली आहे, असे तो सांगतो. त्याच्या लगेच आधी तो अंधारातून उजळणाऱ्या प्रकाशाविषयी बोलत असतो. त्यामुळे त्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा घरोघरी असणारा मातीचा दिवाच असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. दिवाळीच्या दिवसांत हे वेगळे समजावून सांगायला नको. पणती फुटणारी आहे म्हणून कोणी ती लावायची थांबवत नाही. ती जपून धरतो, इतकेच.

या विश्वासाने आपल्या मातीत काय घडवले, हे पाहायचे तर पंडिता रमाबाईंचे आयुष्य पाहावे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेली. शास्त्री-पंडितांचे घर, पोथ्या पाठ, आणि पोटाला अन्न नाही. उरलेला भाऊ श्रीनिवास १८८० साली गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले, वर्षभरात मुलगी मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. रमाबाई तेव्हा पंचविशीच्याही आत होत्या. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एवढे मरण पाहिलेल्या बाईने काय केले, तर १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या मुली आपल्याबरोबर घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुलींसाठीही हेच केले. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, छापखाना आला. उपाशी राहणे म्हणजे काय, हे त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ज्या मुलींना कोणी शिकवले नसते, त्या मुली आणि बाया त्याच आवारात त्याचे छपाईचे खिळे जुळवत होत्या. १९२१ साली मनोरमा गेली. हीच मुलगी काम पुढे चालवील, अशी आईची आशा होती. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यांचे बायबल प्रसिद्ध झाले १९२४ मध्ये. ते त्यांनी पाहिले नाही, पण मुक्ती सदन आजही चालू आहे.

दुसरे घर नगरचे, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. त्यांना लोक फुलामुलांचा कवी म्हणत, आणि फुले व मुले यांच्याइतके नाजूक जगात दुसरे काय आहे? या घरात बाहेरच्या कितीतरी मुलांना आसरा मिळाला. त्यांतला एक म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपले बालकवी. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. पुढच्याच वर्षी ९ मे रोजी टिळक गेले. येशूच्या चरित्रावरचे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य तेव्हा जेमतेम सुरू झाले होते, दहा-अकरा अध्यायांच्या पुढे सरकले नव्हते.

ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. त्यांना शाळा अशी मिळालीच नव्हती. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा याच बाईचा संसार मोडून पडला होता, आणि पुन्हा एकत्र नांदायला काही वर्षे जावी लागली. त्याच लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या काव्याचे साठाहून अधिक अध्याय लिहून ते शेवटास नेले. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठीतले एक थोर आत्मचरित्र ठरली, आणि तीही पुरी होण्याआधीच, १९३६ मध्ये त्या गेल्या. नगरला टिळकांच्या समाधीवर त्यांच्याच भजनातली ओळ आहे. देवापाशी स्वतःच्या अपुरेपणाची कबुली तिच्यात आहे. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या नावाखाली पदव्या आणि पराक्रम न कोरता हे कोरावे, यातच सगळे आले.

या दोन घरांकडून मी शिकलो ते एवढेच. आपले काम अपुरे राहणार हे आधीच धरून चालावे, आणि ते अशा रीतीने करावे की दुसऱ्याला पुढे नेता येईल. अनंत जीवनावरचा विश्वास माणसाला घाईतून सोडवतो. सगळे माझ्याच हातून, माझ्याच हयातीत व्हायला हवे, हा हट्ट त्याने सुटतो. मग मुलींना खिळे जुळवायला शिकवता येते, बायकोला अक्षरे गिरवायला शिकवता येतात, परक्या पोराला घरात घेता येते. यातले काहीही वाया जात नाही.

एक गोष्ट मात्र श्रद्धावंतांनी स्वतःलाच सुनावली पाहिजे. कोणी गेले की आपण पटकन म्हणतो, देवाची इच्छा. प्रत्येक मरण देवाच्या माथी मारता येत नाही. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोविडशी झुंजणारी माणसे तिथेच दगावली. मुंबईच्या लोकलमधून पडून माणसे मरतात, गटाराच्या टाकीत उतरलेले सफाई कामगार गुदमरून मरतात. याला देवाची इच्छा म्हणणे ही देवनिंदा आहे. त्याच वर्षी ५ जुलैला वांद्र्याच्या रुग्णालयात फादर स्टॅन स्वामी गेले. एल्गार परिषद प्रकरणात अटकेत असलेले ८४ वर्षांचे येशूसंघीय धर्मगुरू, कंपवाताने हात थरथरत असल्याने पेला तोंडाला लावता येत नव्हता. तळोजा तुरुंगात पाणी पिण्यासाठी नळी आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. खटला उभा राहण्याआधीच ते गेले. त्यांच्यावरच्या आरोपांबद्दल कोणाचे मत काहीही असो, थरथरत्या हाताला पाणी देण्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. येशूच्या शिकवणीत शेवटच्या न्यायाची कसोटी हीच आहे: भुकेल्याला अन्न दिले का, तहानेल्याला पाणी दिले का, तुरुंगातल्याला भेटलात का. शरीर नाजूक आहे, म्हणून तर ते एकमेकांच्या हवाली केले आहे.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी परंपरा सुरू केली, तिच्यामागे तेव्हापासून संपादकांच्या किती पिढ्या उभ्या आहेत. त्यांतल्या अनेकांनी मनात योजलेला पुढचा अंक निघालाच नाही. तरी अंक निघत राहिले, कारण कोणीतरी खिळे पुन्हा हातात घेतले, आणि आज कोणीतरी संगणकासमोर बसते. यंदाच्या अंकात मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेचे अनुभव आहेत, दुष्काळी गावातल्या शिक्षकाचे टिपण आहे, धर्मगुरूंचे चिंतन आहे आणि देव न मानणाऱ्या एका डॉक्टरांचे खुले मनोगतही आहे. सगळ्यांची उत्तरे सारखी नाहीत, आणि ती तशी असावीत असा आग्रहही नव्हता.

वाचकांकडे एकच मागणे आहे. या दिवाळीत आपल्या माणसांपैकी जे गेले, त्यांच्या फोटोला हार घालाल तेव्हा त्यांचे कोणते काम अर्धे राहिले, तेही आठवा. कोणाच्या मुलीचे शिक्षण असेल, कोणाची वाचनालयाची खटपट असेल, भावकीतला न सुटलेला अबोला असेल, ओढ्याकाठी लावलेली झाडे असतील. त्यातले एक उचला आणि पुढे न्या. तुमच्याकडूनही ते पुरे होणार नाही. होऊ नये असेच समजा, म्हणजे ते सोपवण्यासाठी माणूस शोधायला आजपासून लागाल.