परदेशी शिक्षण : सामान बांधले, मनाचे काय?

ऑगस्ट महिना आला की परदेशी शिकायला निघालेल्या तरुणांना निरोप देण्यासाठी मुंबईच्या विमानतळावर कुटुंबेच्या कुटुंबे लोटतात. मेतकूट, भाजणी, लोणचे, कुकर असे सारे बॅगेत भरलेले असते. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात एकट्या अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते. २००८-०९ नंतर प्रथमच भारताने या संख्येत चीनला मागे टाकले. अभिमान वाटावा असाच हा आकडा आहे. मात्र त्यातील प्रत्येकाला पहिले सत्र एकट्याने पार करावे लागते आणि त्याची तयारी कोणत्याही बॅगेत भरता येत नाही.

तेथील वर्गाची रीतच निराळी आहे. वर्षअखेरच्या एका परीक्षेवर सारे अवलंबून नसते. दर आठवड्याला वाचन आणि लेखन करावे लागते. अनेक अभ्यासक्रमांत चर्चेतील सहभागालाही गुण असतात. प्राध्यापकाचे मत खोडून काढणे हा उद्धटपणा मानला जात नाही. उलट, पुस्तकातील मजकूर संदर्भ न देता उतरवणे हा गंभीर अपराध ठरतो आणि त्यापायी विद्यापीठातून काढूनही टाकले जाते. पाठांतरावर शाबासकी मिळवत आलेला आपला हुशार मुलगा या वर्गात गप्प बसतो. त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. प्रश्न विचारण्याची सवय त्याला कोणी लावलेलीच नसते. त्यातच स्वयंपाक, कपडे, घरभाडे आणि हिवाळ्यात भर दुपारनंतर दाटून येणारा अंधार यांची भर पडते.

खरी अडचण मात्र फोनवर सुरू होते. कर्जासाठी घर तारण ठेवलेले असते, नातेवाइकांत बोलबाला झालेला असतो. मग एखाद्या विषयात नापास झाले, झोप उडाली, तरी मूल ‘सगळे छान आहे’ असेच सांगते. गुण किती आणि नोकरी कधी, एवढेच विचारणाऱ्या घराला दुसरे उत्तर मिळणार तरी कसे? बहुतेक विद्यापीठांत समुपदेशन केंद्र असते, परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यालय असते. तेथे जाण्यात कमीपणा नाही, हे आईवडिलांनी मूल निघण्यापूर्वीच सांगितले पाहिजे.

१८८३ साली अवघ्या अठराव्या वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेत उतरल्या. परकी भाषा, परके अन्न, सोसवेना अशी थंडी आणि ढासळती प्रकृती या साऱ्यांशी झुंजत १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली. त्यांचा निर्धार असामान्य होताच; पण न्यूजर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दिलेला घरोबाही तितकाच मोलाचा होता. आपले आचार सांभाळून परक्या माणसांशी जिव्हाळा जोडता येतो, हे आनंदीबाईंनी दाखवून दिले. चार मराठी मुलांच्या खोलीत स्वतःला कोंडून घेणे आणि आपली भाषा, आपले नाव यांची लाज बाळगणे, ही दोन्ही टोके आज टाळायला हवीत. ज्याची मुळे पक्की आहेत, त्याला नव्या मातीचे भय वाटण्याचे कारण नाही.

कार्पेंटरबाईंचे ते काम आज परदेशस्थ मराठी कुटुंबांनी अंगावर घेतले पाहिजे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे. अमेरिकेतही गावोगावी मंडळे आहेत. गणेशोत्सव दणक्यात साजरा व्हावाच. पण नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात एकदा घरी जेवायला बोलावणे, हेही समाजकार्यच आहे. इकडच्या घरांनीही एवढे करावे : मुलाच्या हाती पासपोर्ट देण्याआधी त्याला वरणभात शिजवायला शिकवावे, हिशेब ठेवायला लावावे आणि अपयश आले तरी या घराचे दार उघडे आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. एवढा विश्वास गाठीशी असलेले मूल परक्या देशात डळमळले, तरी कोसळणार नाही.