घर बांधावयाचें तें कोणासाठीं ?

रत्नागिरी शहरांत हल्लीं जिकडे तिकडे नव्या इमारतींच्या पाट्या दिसतात. एका छपराखालीं अनेक कुटुंबें राहूं लागलीं, यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु इमारतीचा नकाशा कोण काढतो आणि तिचा दरवाजा कोणासाठीं उघडतो, हे दोन प्रश्न विचारल्यावांचून आमच्या बहुजनसमाजानें घामाचा एक पैसाहि कोणाच्या हातीं देऊं नये.

मुंबईच्या बी. डी. डी. चाळी पहा. १९२० नंतरच्या दशकांत सरकारनें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें २०७ चाळी बांधल्या. तळमजला व वर तीन मजले. एकेकींत सुमारें ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधून बोळ, दोहों बाजूंस खोल्या आणि संडास सामाईक. कोंकणच्या कित्येक चाकरमान्यांचे संसार तेथें झाले. उंची बेताची, बांधणी पक्की. पण नकाशा काढणारास तेथें राहावयाचें नव्हतें. बाळंतीण कोठें न्हाईल, म्हातारा रात्रीं कोठें जाईल, याचा विचार त्या नकाशांत दिसत नाहीं.

दुसरें उदाहरण गांवदेवीचें. १९१५ सालीं रावबहादुर तालमकी यांच्या पुढाकारानें सारस्वत मंडळींनीं सहकारी गृहसंस्था काढली. राहणारे तेच मालक झाले. ही अक्कल घेण्यासारखी आहे. पण त्या दाराला जातीची कडी होती. असल्या कडीला आजहि कायद्याचा आधार आहे. २००५ सालीं अहमदाबादच्या पारशी गृहसंस्थेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सभासदत्व एकाच समाजापुरतें ठेवणारा पोटनियम वैध ठरविला. कायद्यांत बसलें म्हणून तें न्यायाचें झालें काय ?

याचें उत्तर रत्नागिरीनेंच दिलें आहे. भंडारी समाजांतील कंत्राटदार भागोजीशेट कीर यांनीं स्वतःच्या पैशानें पतितपावन मंदिर बांधलें व १९३१ सालीं तें सर्व जातींच्या हिंदूंना खुलें झालें. देवाच्या घरांत जागा मिळते, तर माणसाच्या घरांत कां मिळूं नये ? आम्हांला तर त्याहून एक पाऊल पुढें जावयाचें आहे. आमच्या जिन्यावर कुणबी, भंडारी, बौद्ध, मुसलमान, ब्राह्मण, जो शेजारधर्म पाळील तो शेजारी.

आतां नकाशाविषयीं. येथें वर्षास सव्वाशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. सपाट स्लॅब गळूं लागला म्हणजे लोक त्यावर पत्रे घालतात. म्हणजे छपराचा खर्च दोनदां! त्यापेक्षां आधींच उतरतें कौलारू छप्पर घालावें. भिंती जांभ्या चिऱ्याच्या व वळचण रुंद असावी. तळमजला व वर दोनच मजले ठेवावे, म्हणजे लिफ्टचा खर्च टळतो. म्हातारीं व अपंग माणसें खालीं राहावींत. एका बाजूस लांब पडवी काढली तर प्रत्येक बिऱ्हाडास दोहोंकडून वारा मिळतो. संडास व मोरी ज्याची त्याची; खळें आणि विहीर मात्र सर्वांची.

जोतीरावांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. त्यांचें नांव घेणारांनीं जातीच्या कडीचें घर बांधूं नये आणि विकतहि घेऊं नये. बंधुभगिनींनो, गृहसंस्था काढा. परंतु पोटनियम लिहितांना पहिली ओळ हीच लिहा.