पत्रकातला अर्धविराम

परवा तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावून पडवीत बसले होते. फाटकाशी स्कूटर थांबली आणि माझा एक जुना विद्यार्थी आत आला. पाया पडला. चहा नको म्हणाला, मग घेतला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाला, "बाई, पुढच्या पंचायत निवडणुकीला उभं राहायचं मनात आहे. मुद्दे काढलेत, तुम्ही जरा पत्रक लिहून द्या. तुमच्या भाषेला धार असते."

'धार' हा शब्द ऐकला आणि हातातला कप मी खाली ठेवला. त्या धारेची एक गोष्ट २०२२ सालापासून माझ्या मनात सलते आहे. या सदरात आजवर मी पाककृतींपासून पुस्तकांपर्यंत बरेच काही लिहिले, पण ही गोष्ट टाळत आले. आज सांगते.

त्या वर्षी १० ऑगस्टला गोव्यातल्या १८६ पंचायतींसाठी मतदान झाले. नोकरीधंद्यासाठी गोव्याबाहेर असलेल्यांना आठवण म्हणून सांगते, आपल्याकडे पंचायतीची निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर होत नाही. आमदारांचे आशीर्वाद कोणाला आहेत हे सगळ्यांना माहीत असते, पण कागदावर प्रत्येक उमेदवार एकटा असतो. एका प्रभागात मतदार काही शेकडाच. सगळे एकमेकांना नावाने, घराण्याने आणि कुळकथेने ओळखणारे. पक्ष नाही, जाहीरनामा नाही, मग बोलायचे कशावर? तर माणसावर. आणि माणसावर बोलता बोलता त्याच्या चुलीपर्यंत कधी पोचतो, हे आपल्याला कळतही नाही.

आमच्या प्रभागात आधीची पाच वर्षे पंच असलेली बाई माझी विद्यार्थिनी. पहिल्यांदा ती महिला राखीव प्रभागातून निवडून आली होती. आरक्षण फिरले, प्रभाग खुला झाला, तरी ती पुन्हा उभी राहिली. तिच्यासमोर उभा राहिलेला उमेदवारही माझाच विद्यार्थी, शिवाय आमच्या नात्यातला. तो पत्रक लिहून घ्यायला आला आणि मी लिहून दिले. रस्ता, गटार, पथदिवे, सगळे नीट मांडले. वाचून तो म्हणाला, "बाई, छान आहे, पण चटका नाही."

ती बाई लग्नानंतर चार-सहा वर्षांतच मुलीला घेऊन माहेरी परतली होती. का परतली, ते गावात अर्ध्यांना माहीत होते आणि उरलेल्यांनी रचले होते. मला चटका द्यायचा होता. मी लिहिले, "ज्यांना स्वतःच्या घराचा उंबरठा राखता आला नाही; त्या गावाची वेस काय राखणार?"

तो खूश झाला. मीही झाले. खोटे कशाला बोलू, वाक्य जमले की लिहिणाऱ्याला जो आनंद होतो तोच मला झाला. कोणाबद्दल लिहिते आहे, हे त्या क्षणी माझ्या लक्षातही नव्हते.

पत्रक छापखान्यात गेले नाही. झेरॉक्स काढून पहाटे पाववाल्याच्या आधी दारोदार टाकले गेले, आणि त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला. खाली सही होती, 'आपला एक जागरूक नागरिक'. वाक्य गावभर झाले. तिंट्यावर, बसमध्ये, तावेर्नात लोक ते हसत हसत म्हणत. १२ ऑगस्टला मतमोजणी झाली. ती बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी पडली. त्या वाक्यामुळेच पडली असे मी म्हणणार नाही. मतपत्रिका काही बोलत नाहीत.

मग ३१ ऑगस्टला चवथ आली. लोकसभेच्या निवडणुकीत हरलेला उमेदवार आपल्याला पुन्हा भेटतही नाही. गावच्या निवडणुकीत हरलेला माणूस तीनच आठवड्यांत माटोळी बघायला दारात येतो. दरवर्षी आमच्याकडे फुगड्या घालायला येणाऱ्या बायकांत ती पुढे असायची. त्या वर्षी ती आली नाही. तिची दहावीतली मुलगी मात्र आली, आईने दिलेल्या नेवऱ्यांचा डबा घेऊन. डबा ठेवला, गणपतीला नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता गेली.

त्या डब्याने मला झोप येऊ दिली नाही. विसर्जन झाल्यावर मी तिच्या घरी गेले. पुष्कळ शब्द जुळवून गेले होते, पण उंबरठ्यातच तोंडातून निघाले, "अगो, ती ओळ माझी होती."

ती म्हणाली, "मला माहीत होतं, बाई. गावात अर्धविराम तुमच्याशिवाय कोण वापरतो? तुम्हीच शिकवलात आम्हाला."

काय बोलावे ते सुचेना. तिने पाणी आणून दिले. मग जे म्हणाली ते मी आजवर विसरलेले नाही. "माझं सोडा, बाई. मला सवय आहे. पण मुलीला बसमध्ये कोणीतरी ते वाक्य म्हणून दाखवलं. तिचा काय दोष? आणि दुसरं सांगू? तुम्ही कचऱ्याच्या शेडचं विचारलं असतं ना, तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. ते काम माझ्याच्याने झालं नाही, पैसे पडून राहिले. पाच वर्षं मी त्या प्रश्नाची वाट बघत होते, भीत होते. कोणी विचारलाच नाही. सगळे माझ्या उंबरठ्यावर बोलत राहिले."

वाचकहो, चिखलफेकीचा खरा तोटा मला त्या दिवशी कळला. ती फक्त एका माणसाला दुखवत नाही, ती गावाचा प्रश्न पळवून नेते. शेड आजही झालेली नाही. नव्या पंचाला तो प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तो निवडून आला ते त्या प्रश्नावर नव्हेच.

घरी आल्यावर मी कायदा काय म्हणतो ते वाचून काढले. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातले कलम १२३(४) सांगते की, उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी खोटे विधान, ते खोटे आहे हे ठाऊक असताना किंवा खरे आहे असा विश्वास नसताना, त्याची निवडून येण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून प्रसिद्ध करणे हा भ्रष्ट आचार आहे. त्याच कायद्याचे कलम १२७ अ सांगते की, निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव व पत्ता हवाच. हे कलम मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा कायदा लोकसभा-विधानसभांसाठी आहे; पंचायतींचा कारभार राज्य निवडणूक आयोग पाहतो. पण नीती काही मतदारसंघाच्या आकाराप्रमाणे बदलत नाही.

माझ्या मनाने लगेच पळवाट शोधली. मी लिहिले ते खोटे कुठे होते? ती माहेरी आली होती हे खरेच होते. मग आचारसंहिता वाचली. १९६०च्या केरळ विधानसभा निवडणुकीपासून जिची सुरुवात झाली असे मानतात, ती ही आदर्श आचारसंहिता. तिच्यात म्हटले आहे की टीका धोरणे, कार्यक्रम, मागील कामगिरी आणि कार्य यांपुरतीच असावी. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर टीका करू नये. म्हणजे कायदा विचारतो, हे खोटे आहे का? आचारसंहिता विचारते, खरे असले तरी त्याच्याशी तुमचा काय संबंध? माझे वाक्य पहिल्या प्रश्नातून कदाचित सुटले असते. दुसऱ्यातून सुटत नाही.

याचा अर्थ उमेदवाराबद्दल गोडच बोलावे असा नाही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उमेदवारावरचे फौजदारी खटले, त्याची मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे. ग्रामसभेला तो किती वेळा हजर होता, बांधकामाच्या परवानग्या कशा दिल्या, शेतजमिनीत भराव पडला तेव्हा तो कुठे होता, हे विचारायलाच हवे, आणि मोठ्या आवाजात विचारायला हवे. कडक प्रश्नाला चिखलफेक म्हणून गप्प बसवणे हीसुद्धा एक चलाखीच आहे.

आमच्या लहानपणी १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल झाला. माझे वडील विलीनीकरणाच्या बाजूचे, म्हणजे फुलाचे. शेजारचे काका दोन पानांचे. 'गोमन्तक' आणि 'राष्ट्रमत', दोन्ही मराठी दैनिके, पण परस्परांच्या विरोधात. एकाचा अंक आमच्या पडवीत, दुसऱ्याचा त्यांच्या. दोघे आपापल्या पडवीतून असे भांडत की आई दार लावून घेई. तेव्हाची भाषा काही मवाळ नव्हती. कौल वडिलांच्या मनासारखा लागला नाही. पण त्या मे महिन्यात आमच्या घराची कौले परतायला शिडी घेऊन काकाच आले, नेहमीसारखे. मला वाटते, ते जमले कारण दोघांनी जे म्हणायचे ते तोंडावर म्हटले होते. पहाटे दाराखालून कोणी काही सरकवले नव्हते.

आता परवाच्या पाहुण्याकडे येते. त्याचा कागद मी उलगडून वाचला. चार मुद्दे होते. तीन कामाचे होते. चौथा सध्याच्या पंचाबद्दल, म्हणजे ज्याच्यासाठी मी ती ओळ लिहिली होती त्याच्याबद्दल, त्याच्या मुलाच्या मोडलेल्या लग्नाविषयी. फिरून फिरून चिखल तिथेच आला होता.

मी म्हटले, "लिहून देते, पण तीन अटी आहेत. पत्रकाखाली तुझं नाव हवं आणि छापणाऱ्याचंही. जे लिहू ते त्याच्यासमोर ग्रामसभेत उभा राहून तुला म्हणता आलं पाहिजे. आणि निकालानंतर त्याच्या घरी चवथीला जायला तुझं पाऊल अडखळता कामा नये." मग पेन्सिलीने चौथ्या मुद्द्यावर रेघ मारली.

तो कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, "मग बाई, चटका कशात राहिला?"

मी पहिल्या मुद्द्यावर बोट ठेवले. कचऱ्याची शेड. "हे विचार. पैसे कुठे गेले ते विचार. माहिती अधिकारात कागद काढ, आकडा आण, आकड्यासकट लिहू. याच्याइतका चटका दुसऱ्या कशात नाही."

"बघतो," म्हणाला. कागद घडी करून खिशात ठेवला आणि स्कूटर सुरू करून गेला. माहितीचा कागद घेऊन अजून तरी आलेला नाही. फाटकाशी गाडी थांबली की मी बघते.

ती मात्र मागच्या चवथीला आली. फुगडीत माझा हात धरून म्हणाली, "बाई, गुडघे सांभाळा." बाकी आम्ही काही बोललो नाही. तिची मुलगी आता कॉलेजात आहे. ती अजून माझ्याशी बोलत नाही, आणि त्याबद्दल तिला दोष द्यायचा अधिकार मला नाही.