बघार घरचाच हवा

शाळेतून घरी पोहोचायला मला सहा वाजतात. दमल्या अंगानं तयार मसाल्याचं पाकीट फोडायची सवयच लागली होती. जोडीला पापड-लोणचं असायचंच.

गेल्या वर्षी अब्बांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. मी डाळीतलं मीठ घटवलं, तरी फरक पडेना. मग एके दिवशी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. मीठ तिथं दडून बसलं होतं! मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमीच मीठ पुरतं, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा.

आता पाकीट बंद. मसूर डाळ भिजवायची गरज नसते. हळद, टोमॅटो घालून ती शिजत ठेवते, तोवर ज्वारीच्या भाकरी थापून होतात. मुलगा लसूण सोलतो, मुलगी मेथी निवडते. शेवटी चिंचेचा कोळ आणि लसूण-जिरं-कढीपत्त्याचा बघार. आंबट आणि खमंग असलं की मीठ कमी असल्याचं फारसं जाणवत नाही.

पहिले तीन दिवस अब्बा मुकाट्यानं जेवले. मी मनातून धास्तावले होते. चौथ्या दिवशी त्यांनी वाटी पुढं केली. "बेटी, थोडी डाळ दे. आज तुझ्या सासूच्या हातची चव आली."

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. बहिणींनो, त्या रात्री माझा सगळा थकवा उतरला.