‘कायदा येतोय’ म्हणून लग्नाची घाई?

मैत्रिणींनो, या आठवड्यात सोलापूर जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र आधी घेते. मजकूर थोडक्यात असा : मुलगी १९ वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. स्थळ चांगलं, पसंती झालेली, लग्न पदवीनंतर करायचं असंही ठरलेलं. पण आता मुलाचे मामा म्हणताहेत, “मुलीचं वय २१ करायचा कायदा येतोय. एकदा आला की थांबावं लागेल. परीक्षेचं राहू द्या, वैशाखात बार उडवून देऊ.” घरातल्या पुरुषमंडळींना ते पटलंय. मुलगी रडते आहे. ‘ताई, कायदा आलाय की येणार आहे? मी घरात काय सांगू?’

उत्तर आधी देते, कारण मुलीचं अख्खं वर्ष त्यावर अवलंबून आहे. असा कायदा आलेला नाही. लग्नासाठी मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षं पूर्ण हवीत, हे १९७८ साली ठरलं आणि तेच आज चालू आहे.

मग मामांनी हे ऐकलं कुठे? अगदी हवेतून नाही हो! डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मुलीचं वय २१ करायला मंजुरी दिली, आणि २१ डिसेंबरला तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री स्मृती इराणी यांनी तसं विधेयक लोकसभेत मांडलं. बातम्यांत ‘मंजुरी’ हा शब्द आला आणि घरोघरी समजूत झाली की कायदाच झाला. पण मंत्रिमंडळाची मंजुरी म्हणजे फक्त ‘हे संसदेपुढे न्यायला आमची हरकत नाही’ एवढंच. पुढे त्याचं काय झालं? त्याच दिवशी ते संसदेच्या स्थायी समितीकडे तपासायला गेलं. समितीला मुदतवाढ मिळत गेली, आणि जून २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते विधेयकही संपलं. लोकसभेत पडून असलेलं विधेयक लोकसभेबरोबरच जातं, असा आपल्या राज्यघटनेचा नियम आहे. नव्या लोकसभेत पाहिजे असेल तर पहिल्यापासून मांडावं लागतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशच्या विधानसभेनं मुलींचं वय २१ करणारं विधेयक मंजूर केलं, तीही बातमी मामांच्या कानावर आली असेल. पण ते त्या राज्यापुरतं. सोलापूरच्या लग्नाशी त्याचा संबंध नाही.

आता मामांना सांगण्यासारखी खरी गोष्ट. त्या २०२१च्या विधेयकातच लिहिलं होतं की, राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर दोन वर्षांनी नवं वय लागू होईल, म्हणजे लोकांना तयारीला वेळ मिळावा. समजा, तेच विधेयक जसंच्या तसं उद्या पुन्हा आलं आणि परवा मंजूर झालं, तरी तुमची लेक तोवर २१ पूर्ण करून पदवीही घेऊन बसलेली असेल! मग परीक्षा बुडवायची ती कशासाठी? नव्या विधेयकात कलमं वेगळी असू शकतील, हे मान्य. पण जे अजून कागदावरही नाही, त्याच्या भीतीनं हातातलं शिक्षण सोडायला सांगणाऱ्याच्या मनात कायद्यापेक्षा वेगळं काही आहे का, हे भगिनींनी जरा शांतपणे तपासून पाहावं. स्पष्ट बोलते, राग मानू नका.

ही घाई काही आजची नाही. हरबिलास सारडा यांनी १९२७ साली बालविवाह रोखण्याचं विधेयक आणलं. १९२९च्या सप्टेंबरमध्ये ते मंजूर झालं. मुलीचं वय १४, मुलाचं १८. पण अंमल सुरू व्हायचा होता १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत काय व्हावं? ठिकठिकाणी लोकांनी लहान लहान मुलींची लग्नं उरकून घेतली. जी मुलगी कायद्यानं वाचायची, तीच कायद्याच्या बातमीनं बोहल्यावर चढली. १९३१च्या जनगणनेतही त्या घाईची नोंद उमटली आहे. २०२१ सालच्या बातमीनंतरही काही ठिकाणी लग्नं घाईनं लावल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं. नव्वद वर्षांत एवढं शिकलो आपण!

विधेयकाचा कायदा कसा होतो, हे एकदा नीट कळलं की असल्या वावड्यांना घरातच उत्तर देता येतं. विधेयक आधी एका सभागृहात मांडतात. कधी कधी ते समितीकडे जातं, पण नेहमीच जातं असं नाही. मग कलमवार चर्चा आणि मतदान. तीच सारी उस्तवार दुसऱ्या सभागृहात. नंतर राष्ट्रपतींची संमती, आणि मग राजपत्रात प्रसिद्धी. एवढं झालं तरी एक गोष्ट पाहायची राहतेच, ती म्हणजे कायदा लागू कधीपासून? महिला आरक्षणाचं घ्या. १९९६ साली पहिल्यांदा विधेयक आलं, पुन्हा पुन्हा आलं आणि बारगळलं. २०१० मध्ये राज्यसभेनं मंजूर केलं, तर लोकसभेत अडकलं. शेवटी २०२३च्या सप्टेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमतीही झाली. पेढे वाटून झाले. पण आतल्या कलमात अट अशी की जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच जागा राखीव व्हायच्या.

आणि लागू होण्याची तारीख किती जिव्हारी लागू शकते, ते महाराष्ट्रातल्या बहिणींना विचारा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा वाटा देणारी दुरुस्ती आपल्या राज्यानं केंद्राच्याही आधी, १९९४ साली केली. पण २२ जून १९९४च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. एकाच घरातली थोरली मे महिन्यात उजवली म्हणून बाहेर, धाकटी दिवाळीनंतर उजवली म्हणून आत! केंद्राच्या २००५ सालच्या दुरुस्तीनं हा भेद गेला. म्हणून म्हणते, नुसता मथळा वाचून लग्नाची तारीख ठरवू नका, आणि वाटणीची तर मुळीच नको.

माझं स्वतःचं मत काही वाचकिणींनी विचारलंय : मुलीचं वय २१ व्हावं की नाही? मुलाला २१ आणि मुलीला १८ हा फरक मला कधीच पटलेला नाही. नवरा मोठाच हवा, या जुन्या समजुतीला दिलेला तो सरकारी शिक्का आहे. पण नुसता आकडा वाढवून मुली वाचतील, हेही पटत नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी १८च्या आत लग्न झालेल्या देशात २३ टक्क्यांच्या आसपास, महाराष्ट्रात जवळपास २२ टक्के. म्हणजे आपल्या प्रगत राज्यात पाचांत एकीपेक्षा जास्त, आणि तेही १८चा कायदा असताना! गावात कॉलेज नाही, एस.टी. वेळेवर नाही, ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची हा आईचा घोर. हे सुटल्याशिवाय कायद्यातला आकडा काय करणार? त्या विधेयकातली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली होती. बालविवाह झालेल्या मुलीला तो रद्द करून मागायला आज सज्ञान झाल्यावर दोनच वर्षं मिळतात. विधेयकात ती पाच केली होती. विशीच्या पोरीला सासर सोडून कोर्टात जायचं बळ एकाएकी येत नाही. त्या तीन वर्षांची चर्चा कुणी केली नाही, सगळे २१वरच भांडत बसले.

आपण बायकांनी यात बोलायचं कुठे? पुण्याच्या एका वाचकिणीनं विचारलंय. बोलायला जागा आहे, आणि ती विधेयक समितीपुढे असतानाच. १९२८ साली सरकारनं संमतिवयाची चौकशी करायला सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रामेश्वरी नेहरू तिच्या सदस्य होत्या. समितीनं प्रश्नावल्या पाठवल्या, गावोगाव साक्षी घेतल्या, आणि बायकांनी पुढे येऊन साक्षी दिल्या. २०२१चं विधेयक ज्या स्थायी समितीकडे गेलं तिचे अध्यक्ष विनय सहस्रबुद्धे, आपलेच मराठी. पण ३१ जणांच्या त्या समितीत तेव्हा स्त्री सदस्य किती? एक! त्यावर महिला खासदारांनी आवाज उठवला होता. आत जागा कमी असेल तर बाहेरून पत्रं तरी जास्त जायला हवीत.

पद्धत अशी. समिती वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या संकेतस्थळावर जाहिरात देऊन लोकांची निवेदनं मागवते. मुदत थोडी असते, बहुधा पंधरा दिवसांची, म्हणून जाहिरात दिसली की कात्रण काढून ठेवा. निवेदन सहसा इंग्रजी किंवा हिंदीत मागतात. मराठीत लिहा आणि शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून हिंदी करून घ्या, तिलाही शिकायला मिळेल. दोन पानं पुरेत. कोणत्या कलमाबद्दल बोलता आहात त्याचा क्रमांक घाला, तुमच्या गावात काय घडतं ते लिहा, आणि कलमात काय बदल हवा ते एका वाक्यात सांगा. ‘स्त्रीजातीवरील अन्याय दूर व्हावा’ एवढंच लिहून भागत नाही, ते कुणीही बाजूला ठेवतं. महिला मंडळाच्या वतीनं पाठवलंत तर सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत आपल्या खासदारांना द्या. २०१४ पासून केंद्राचं आणखी एक धोरण आहे. विधेयकाचा मसुदा संसदेत नेण्याआधी निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. दर वेळी ते पाळलं जातं असं नाही, पण ठेवला असेल तर मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो सापडतो.

सोलापूरच्या भगिनींना स्वतंत्र पत्र पाठवत आहे. त्यात २०२१च्या विधेयकातलं दोन वर्षांचं कलम उतरवून दिलं आहे, ते मामांना वाचून दाखवता येईल. आणि ज्यांच्या शेजारीपाजारी १८च्या आतल्या मुलीचं लग्न ठरत असेल, त्यांच्यासाठी कायदा आजच आहे : मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन फुकट लागतो, आणि खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. अक्षता पडण्याआधी कळवा.